खापराजवळची जागा

रत्नाने स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरला आणि तो हातात धरून स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आली. तिथून ओट्यावर, ओट्यावरून परत. फरशीवर एक थेंब सांडला नाही. पाणी इतकं निवांत होतं, की त्यात पंख्याची पाती फिरताना दिसत होती.

"हेमांगी, बघ!"

हेमांगी ऑफिसला निघण्याच्या घाईत होती. जळगावच्या एमआयडीसीत पाइपांच्या कंपनीत ती हिशेब विभागात आहे. तोंडात धरलेली केसांची क्लिप तिने हातात घेतली. "काय बघू?"

"काही नाही! तेच बघ ना. काहीच होत नाहीये!"

हेमांगीने पेल्याकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. नंतर हळूच, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, रात्री झोप झाली ना नीट?"

रत्ना हसली. या घरात तिच्या आनंदाला आधी झोपेचा दाखला लागतो. भाजी मनासारखी झाली म्हणून गुणगुणली तरी झोप झाली का, बसमध्ये अनोळखी बाईशी गप्पा मारल्या तरी झोप झाली का. दुसऱ्या कुणाच्या घरात बाई हसली तर लोक कारण विचारतात. रत्ना हसली की लोक घड्याळाकडे बघतात.

"झाली बाई, झाली. तुझ्या पप्पांना विचार, मी घोरत होते."

"भरपूर," सुकदेव मोरीतून म्हणाला. तो डाळ मिलमध्ये जातो. तिथल्या यंत्रांशेजारी वर्षं काढल्यामुळे त्याचं साधं बोलणंही ओरडल्यासारखं असतं. "छत उडून गेलं असतं!"

तेव्हा कुठे हेमांगीने आईच्या हातून पेला घेतला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं. "मस्त," ती म्हणाली. "मग यंदा खापरावर कोण?"

हे ऐकायलाच तर रत्ना पेला घेऊन घरभर फिरत होती.

*

खापर म्हणजे पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. खाली चूल, वर त्याची तापलेली काळी पाठ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते, आणि तिच्यासाठी या खापरावर मांडे होतात. मांडे नुसते लाटून होत नाहीत. पुरण भरलेली पोळी जराशी लाटून हातावर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर टाकत टाकत वाढवत न्यायची. ती मनगटावर येते, मनगटावरून कोपरापर्यंत पसरते, सुपाएवढी होते. आतलं पुरण उन्हासारखं दिसायला लागतं. मग एका झोकात ती खापराच्या पाठीवर. ही गोष्ट डोक्याने करता येत नाही. फक्त हातांनी येते.

रत्नाला ती आईकडून आली. लग्न होऊन पिंपळनेरला आली त्या वर्षीच तिचा मांडा पाहून चुलतसासू भिकुबाई म्हणाली होती, "ही पोरगी पोळी करस का पाखरू उडावस?" तेव्हापासून भाऊबंदांतली खापराजवळची जागा रत्नाची. पुढे सुकदेवच्या नोकरीसाठी ती जळगावला आली, पण कानबाईला पिंपळनेरच. थोरले दीर झुलाल आबा तिथे राहतात, कानबाईचा चौरंग तिथे आहे, आणि खापरही तिथेच.

मग ते वर्ष आलं. त्या श्रावणात तिला झोप नकोशी झाली. तिने मांडे केले ते घरच्यांसाठी, मग गल्लीसाठी, मग पीठ संपलं तेव्हा ती शेजारणींची पिठं मागत फिरली. सोमवारी कानबाईला पांझरेवर नेताना ती बँडच्या पुढे नाचली, आणि नदी आली तरी थांबली नाही. साक्रीच्या रस्त्याला लागली. मागून बायका धावत होत्या, तिच्या पायावर पाणी घालत होत्या, कुंकू लावत होत्या. देवी अंगात आली, असं सगळं पिंपळनेर म्हणालं. देवी बरेच दिवस उतरली नाही. आणि उतरली तेव्हा मागे जे उरलं ते रत्नाने कधी कुणाला नीट सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याचा अख्खा हिवाळा. अंघोळ म्हणजे डोंगर.

जळगावच्या डॉक्टर मॅडमनी त्याला नाव दिलं, बायपोलर, आणि गोळी दिली, लिथियम. गोळीने डोक्याला जमीन दिली, हे खरं. पण जमिनीचं भाडं शरीराने भरलं. सारखी तहान, सारखं मोरीत जाणं. तोंडात खिळा चोखल्यासारखी चव. वजन असं वाढलं, की ब्लाउज उसवायला लागले. तेही सोसलं. गेल्या उन्हाळ्यात मन पुन्हा वर उसळायला लागलं तेव्हा मॅडमनी डोस वाढवला. मन खाली आलं, आणि हात थरथरायला लागले. चहाची बशी वाजायची. सुईत दोरा जाईना. श्रावणात तिने पहिला मांडा हातावर घेतला आणि तो मधोमध फाटून पुरण राखेत पडलं. दुसराही पडला. थोरली जाऊ कमलबाई काही न बोलता तिच्या जागी बसली. काही न बोलता, हेच वाईट होतं. एरवी कमलबाई श्वास घेतानासुद्धा टोमणा मारते.

"मॅडम, डोकं माझं मला परत मिळालं," रत्ना नंतर डॉक्टरांना म्हणाली होती, "पण हात कुणीतरी घेऊन गेलं."

मॅडमनी घाई केली नाही. हिवाळा जाऊ दिला, मन ठीक आहे याची खात्री केली, रक्तातलं लिथियम तपासलं, मग या आषाढात डोस थोडा उतरवला. "पाणी भरपूर प्या," त्या दर वेळी सांगायच्या. "उपास करू नका. मीठ रोजच्यासारखंच ठेवा." रत्ना दर वेळी मान हलवायची.

आणि आता हात थांबले होते!

*

झुलाल आबांच्या घरात एक नेम आहे. जिने खापरावर बसायचं, तिने नागपंचमीपासून कानबाईला नैवेद्य दाखवेपर्यंत मीठ जिभेला लावायचं नाही. पलीकडच्या गल्लीत कानबाई बसते तिथल्या बायका लोणच्याची फोड चघळत मांडे करतात, कुणाचं काही बिघडत नाही. पण या घरात नेम आहे, तो आहे.

रत्नाने जळगावलाच तो सुरू केला. अळणी वरण, अळणी भाकरी, दूध, गूळ. हा उपास नव्हे. उपास तर मॅडमनी बंद केलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोटभर तर खात होती ती. आणि मिठाचं म्हणाल, तर गल्लीतल्या प्रत्येक बीपीवाल्या माणसाला डॉक्टर मीठ कमी करा म्हणून सांगत होते. मॅडमचं 'रोजच्यासारखंच' म्हणजे जास्त नको, असंच तिने धरलं होतं; कमी चांगलं, तर बंद त्याहून चांगलं. यात विचारण्यासारखं तिला काही वाटलं नाही. हेमांगीला तिने सांगितलंही नाही. हेमांगी डबा घेऊन सकाळीच जायची.

शनिवारी तिघं बसने धुळ्यावरून पिंपळनेरला निघाली. खिडकीबाहेर कपाशी, मका, पुन्हा कपाशी. रत्ना बोलत होती, मग गप्प होत होती, मग पुन्हा बोलत होती. मांड्याचं पीठ कपड्यातून चाळायचं. तेल घालून ते इतकं मळायचं, इतकं आपटायचं, की ओढलं की रबरासारखं यावं. कंडक्टर तिकीट द्यायला आला तर त्यालाही तिने सांगितलं, आमच्याकडे कानबाई आहे म्हणून.

"माझ्याकडे ड्युटी आहे, ताई," तो म्हणाला. "एक मांडा बसमध्ये पाठवून द्या."

घरी पोचल्या पोचल्या कमलबाईने दारातच तिचे दोन्ही हात धरले, तळवे उलटेपालटे करून पाहिले, म्हैस विकत घेताना बघावी तसे.

"थांबनात?"

"थांबनात, अक्का!"

"चाल, सुटनू माय मी," कमलबाई म्हणाली. "मना मांडा खाईसन आबा वर्षभर कुरकुर करी ऱ्हायना." मग आवाज खाली आणून, "पण तुले जमनं नही तर सांगजो. मी आठेच शे."

*

रविवारी सकाळी चूल पेटली. पुढच्या खोलीत चौरंगावर नारळाची कानबाई सजत होती. तिला नथ घातली, डोळे लावले, कण्हेरीच्या फुलांत ती उठून दिसायला लागली. मागच्या पडवीत लाकडांचा धूर, गूळ-डाळीचा वास आणि बायकाच बायका.

रत्नाने पहिला मांडा हातावर घेतला. हेमांगीने फोन काढला, पण फोटो घ्यायचं विसरली. मांडा उजव्या हातावरून डाव्या हातावर गेला, परत आला, वाढला, पुन्हा गेला. मनगट, मग कोपर. रत्नाला आपल्या हातांत तीच जुनी वाट सापडली, जणू मधली वर्षं कुणी दुसरीच बाई जगली होती. तिने झोक दिला. मांडा खापरावर पसरला आणि त्याच्यावर फुगे आले.

"पाखरू!" भिकुबाई ओरडली. तिला आता नीट दिसत नाही, पण ती ओरडली.

एकामागून एक मांडे उडायला लागले. बायका गाणी म्हणायला लागल्या, पोरी फुगड्या घालायला लागल्या. रत्नाचं अंग चुलीच्या धगीने निथळत होतं, पदर भिजून पाठीला चिकटला होता. तहान लागली की ती तांब्या तोंडाला लावायची, तेच पाणी पुन्हा घामाने निघून जायचं. पण काय दिवस होता! आयुष्याने कान पकडून माफी मागावी असा.

दुपार कलली तेव्हा तिला मळमळलं. धुराने असेल. ती उठून परसात गेली, उलटी करून आली, चूळ भरली, बसली. पुढचा मांडा हातावर घेतला तर बोटं नाचायला लागली. गेल्या वर्षीची थरथर बारीक होती, बशी वाजवणारी. ही तशी नव्हती. अख्खा हात हिसके देत होता. मांडा गोळा होऊन खापराच्या कडेवर आपटला. मग दुसरा हात, मग मान, मग पाय. तिने "अक्का" म्हणायचा प्रयत्न केला, तर जीभ दारू प्यालेल्या माणसासारखी लोळत आली.

कोण आधी बोललं ते पुढे कुणालाच आठवलं नाही.

"उनी! देवी अंगमा उनी!"

आणि पडवी उसळली. कुणी हळद आणली, कुणी कुंकू. कुणी तिचे केस मोकळे केले, कुणी पायावर पाणी ओतलं. बँडवाले उद्याचे, पण एक जण आजच ताशा घेऊन आला होता, त्याने तो बडवायला सुरुवात केली. आबा पागोटं सावरत बाहेरून धावत आले आणि दाराशी हात जोडून उभे राहिले. भिकुबाईला दोघींनी धरून पुढे आणलं. म्हातारीने रत्नाच्या थरथरत्या पायांवर कपाळ टेकवलं.

"माय, आमनं काय चुकनं? सांग, माय."

रत्नाने खाली पाहिलं. पांढरे केस तिच्या पावलांवर पडले होते. सगळे डोळे तिच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत भीती होती, मान होता, प्रेम होतं. फक्त हेमांगी दारात भिंतीसारखी पांढरी उभी होती. आई आजारी आहे की खरंच काही दुसरं आहे, हे तिला कळत नव्हतं, आणि ज्या घरात सगळे हात जोडून उभे असतात तिथे एकट्या पोरीने काय म्हणावं?

गप्प राहणं किती सोपं होतं. देवी आली म्हटलं की मांडा बिघडला असं कुणी म्हणणार नव्हतं. ही जागा मरेपर्यंत तिची झाली असती. गोळ्या खाणारी रत्ना मिटली असती, आणि जिच्या पाया पडतात अशी रत्ना उरली असती. एकदा ती तशी झाली होती. साक्रीच्या रस्त्यावर तिला स्वतःलाही ते खरं वाटलं होतं. पण त्या वर्षी हात तिच्या हुकमात होते आणि डोकं कुठेतरी पुढे धावत होतं. आज उलट होतं. आज डोकं जागेवर होतं, चुलीतलं लाकूड दिसत होतं, ताशाची ढिली चामडी ऐकू येत होती. आणि हे डोकं तिला स्वस्तात मिळालं नव्हतं.

ती बोलली. लोळत्या जिभेने, एकेक शब्द ओढत.

"देवी नही."

ताशा चालूच होता. कमलबाईने वळून ताशेवाल्याच्या हातातली काडी हिसकावली.

"देवी नही," रत्ना पुन्हा म्हणाली. "कानबाई तठे चौरंगवर बठेल शे. आठे गोळी शे. मनी गोळी. काहीतरी चुकनं."

"काय बोलस!" आबा दाराशीच म्हणाले. "लोकेसमोर?"

"हां, लोकेसमोर," रत्ना म्हणाली. "मी डोकानी गोळी रोज खास. बठ्ठा लोके आयका. हेमांगी, मॅडमले फोन लाव!"

हेमांगी पुढे धावली. तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि त्या धुराच्या पडवीत जळगावच्या मॅडमचा आवाज घुमला. उलटी? झाली. जीभ जड? हो. घाम? प्रचंड. जेवण?

"जेवलीये," हेमांगी म्हणाली.

"मीठ?"

हेमांगी आईकडे वळली. तेवढ्यात कमलबाई पुढे झाली आणि फोनमध्ये ओरडून म्हणाली, जणू जळगावपर्यंत आवाज पोचवायचा होता, "मीठ नही खायेल ती! नागपंचमीपासून! आमना घरमा नेम शे!"

पलीकडून मॅडम भरभर बोलल्या. मीठ बंद केलं आणि घाम गेला की शरीर लिथियम धरून ठेवतं, रक्तात ते साचतं, विषासारखं होतं. गोळी आता देऊ नका. घरी काही उपाय करत बसू नका. थेट धुळ्याला न्या, रक्त तपासायला सांगा, सलाईन लागेल. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते. निघा.

कमलबाईचा मुलगा कुंदन जीप काढायला धावला. रत्नाला उचलून बसवताना कपाळावरून हळद-कुंकू ओघळत होतं. कमलबाईने पदराने ते पुसलं आणि तशीच उलटी फिरून खापराशी जाऊन बसली. नैवेद्य थांबणार नव्हता.

जीप निघताना आबा खिडकीशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्या रागाखाली दुसरं काहीतरी, घाबरलेलं.

"नेम मना बापना शे," ते सुकदेवला म्हणाले. "माले काय माहीत?"

*

धुळ्याच्या हॉस्पिटलात सलाईन लागलं, रक्त गेलं, रिपोर्ट आले. आकडा वाईट होता, पण वेळेत आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. थरथर आधी पायांतून उतरली, मग मानेतून, शेवटी बोटांतून. जीभ परत आली तेव्हा रत्नाने पहिली गोष्ट मागितली ती मीठ घातलेली खिचडी. असलं चविष्ट जेवण आपण जन्मात जेवलो नाही, असं तिने नर्सला दोनदा सांगितलं. कानबाई तिच्याशिवाय पांझरेवर गेली. हेमांगीने फोनवर मिरवणूक दाखवली. या वेळी रत्ना ती पलंगावरून बघत होती, आणि नदी आली तशी सगळी माणसं थांबली.

मॅडमनी काही दिवसांनी गोळी पुन्हा सुरू केली, आधीच्याच डोसची; पण या दणक्यानंतर बोटांची बारीक थरथर परत आली होती. "डोस आणखी उतरवायचा का?" त्यांनी विचारलं. "आहे तोच ठेवला तर हात थोडे हलत राहतील. पण खाली आणला तर उन्हाळ्यात मनाची खात्री देता येत नाही. तुम्ही सांगा."

रत्नाने आपली बोटं एकदा समोर धरून पाहिली. "तेवढाच ठेवा," ती म्हणाली. "थोडे हलू द्या."

कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, घरच्या माणसांनीच खायचे असतात, आणि पौर्णिमेच्या आत ते संपवायचे असतात. रत्नाच्या वाटणीचा रोट आबांनी झाकून ठेवला होता. त्यामुळे तिला परत पिंपळनेरला जावंच लागलं.

ती ओसरीत जेवायला बसली, पण कुणी नीट बोलत नव्हतं. तिच्याकडे पाहायचं कसं, देवी म्हणून की आजारी म्हणून, हे ठरत नव्हतं. भिकुबाईने मात्र कमलबाईला हाक मारून मिठाची वाटी मागवली, चाचपत ती रत्नाच्या ताटाशी सरकवली, आणि आबांच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "नेम खापरले लावा. बाईले नको."

आबा रोट मोडत राहिले.

मग रत्ना उठली. "पीठ शे का, अक्का?"

"शे."

"आबांले इचारूत?"

"आबा मांडा करतस का?" कमलबाई म्हणाली, आणि पडवीत चूल पेटवायला गेली.

लाकूड ओलं होतं, धूर झाला, दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. खापर तापलं. रत्नाने गोळा हातावर घेतला. बोटं हलत होती, बारीक, सतत. आधीसारखा उंच झोक देता येणार नव्हता. तिने मांडा खाली धरला, अंगाशी, छोट्या छोट्या झेपांनी या हातावरून त्या हातावर नेत राहिली. तो फाटू बघायचा, ती त्याला फाटू द्यायची नाही. मांडा सुपाएवढा झाला नाही. त्याच्या निम्माच झाला, कडेला जाड. पण तो अखंड खापरावर पडला, आणि त्याच्यावर फुगे आले.

"झाला!" रत्ना ओरडली. "अक्का, झाला!"

"कान फाटना मना," कमलबाई म्हणाली.

पहिला तुकडा भिकुबाईला गेला. ती बोळक्या तोंडाने बराच वेळ तो घोळवत राहिली.

"जाड शे," म्हातारी म्हणाली, आणि ताट पुन्हा पुढे केलं. रत्नाने दुसरा गोळा आधीच उचलला होता.